खिडकीवरचा पेकिंगचा तक्ता

नातवंडांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, युद्धात तुम्ही धाहरान सोडून गेला का नाहीत?" त्याच आठवड्यात तुमच्या आईचा शाळेतला तक्ता सापडला, म्हणून आताच लिहिते.

आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या आमच्या धाहरानवर इराकची क्षेपणास्त्रं यायची. काचा उडू नयेत म्हणून मी एकेका खिडकीला चिकटपट्ट्या लावत गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी पट्टी संपली. मग मी मैद्याची खळ केली आणि काचेवर चिकटवायला हाताशी होता तो तक्ता उचलला. सतराव्या शतकात चीनच्या बादशहाच्या पेकिंग शहरात, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, तोफांच्या दारूचं कोठार उडून हजारो माणसं मेली, त्याचं चित्र त्यावर होतं.

"मम्मी, माझं प्रोजेक्ट!" तुमची आई ओरडली. ती तेव्हा दहा वर्षांची. मग हळूच म्हणाली, "ते लोक कोठाराशेजारी राहिलेच का?"

"त्यांचं काम तिथं होतं. बाबांचं तेलाच्या टाक्यांपाशी आहे, तसंच."

"मग आपणही मरणार?"

"त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपल्याला भोंगा सांगतो. भोंगा झाला की काय करायचं?"

"गॅसचा मास्क लावायचा. आतल्या बोळात बसायचं."

"मग झालं. धर कोपरा."

तुमच्या आजोबांना काम सोडता येत नव्हतं, आणि त्यांना एकटं टाकून आम्ही जाणार नव्हतो. एवढंच उत्तर आहे.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी भोंगा झाला. माझ्याआधी ती बोळात होती. हादऱ्यानं तक्ता लावलेली काच तडकली, पण खाली पडली नाही.

तक्ता अजून आहे. एक कोपरा फाटलाय, मागे खळीचे डाग आहेत, अक्षर स्वच्छ वाचता येतं.