मालकाचं गाळलेलं तेल मी खांबांना फासलं

ड्रायव्हर गड्यांनो, सुप्याच्या नाक्यावर चहाला थांबलात की हा फळा वाचा. खडू माझा, राग पण माझाच. आज सकाळची गोष्ट हाय.

कुळगीच्या रानातली लाकडं भरायला निघायच्या आधी मी लॉरीचं इंजिन ऑइल काढलं. डिझेल गाडीचं तेल काळं व्हतंच, पण हे बोटाला खरखरीत लागलं. फिल्टर तर गाळानं गच्च भरलेला. मालकाकडं दोन्ही नवं मागितलं.

मालकानं काय करावं? जुनं तेल पंच्यातनं गाळलं, फिल्टर रॉकेलमध्ये खळबळला अन् म्हणाला, "हे बघ, झालं नवं. वत आत."

"न्हाई वतणार," मी म्हटलं. "भरल्या लॉरीत लाकडांवर आपलीच माणसं बसत्यात. चढावर इंजिन जाम झालं तर?"

"सगळे असंच चालवत्यात. तूच मोठा शाणा लागून गेलास?"

मी डबा अन् पंचा उचलला आणि शेजारच्या रामाण्णाच्या गोठ्यात शिरलो. त्याच्या खांबांना वाळवी लागलीया. त्याच पंच्यानं सगळं तेल खांबांना फासलं. थेंब ठेवला न्हाई.

मालक दारातनं ओरडला, "उद्यापासनं येऊ नको. तुझ्यासारखे छप्पन्न ड्रायव्हर मिळत्यात!"

व्हय, मिळत्यात. ते छप्पन्न म्हणजे तुम्हीच. उद्या तो तुमच्यातल्याच एकाला बोलवणार, अन् त्याच्या घरात पंचे काय कमी न्हाईत.

तेल नवं की गाळलेलं, हे आधी विचारणार काय? का गपगुमान स्टिअरिंगवर बसणार?