वेवजीतला मांडव आणि भिजलेलं भात

डहाणूचा समुद्र बघायला पपांना घेऊन जायचं, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. तलासरी तालुक्यातल्या वेवजीत माझा धाकटा भाऊ शमुवेल राहतो. आमचा शमू. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या बायकोचा, मनीषाचा फोन आला, "ताई, मांडवांच्या सणाला या. पपांनाही आणा."

पपा आणि शमू तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पपा निवृत्त शाळामास्तर आणि नाशिकच्या आमच्या चर्चच्या पंचांपैकी एक. शमू लग्नानंतर सासऱ्यांची शेती बघायला वेवजीला गेला. तिथल्या चार-पाच ख्रिस्ती कुटुंबांबरोबर शास्त्र वाचता वाचता तो शनिवारचा शब्बाथ पाळू लागला. शुक्रवारी सूर्य मावळला की काम बंद, ते शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. शिवाय मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा वल्हांडण, मांडवांचा सण, असे शास्त्रातले सगळे सण. बहुतेक ख्रिस्ती लोक रविवार पाळतात, आम्हीही पाळतो. पपांच्या मते मुलगा कृपा सोडून पुन्हा नियमशास्त्राच्या जोखडाखाली गेला होता.

मी विचारल्यावर पपा म्हणाले, "समुद्र बघायला येतो. पुढचं तिथे ठरवू."

नाशिकहून डहाणूला जाणार असाल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या रस्त्याने जा. वळणं खूप आहेत, गाडी लागत असेल तर उलटी होते. पण पावसाळ्यानंतर ही बाजू इतकी हिरवी असते की पुस्तक उघडावंसं वाटत नाही. आम्ही एसटीने गेलो. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, प्रत्येक गावात प्रचाराच्या रिक्षा भोंगे लावून फिरत होत्या. सोमवारी मतदानाला नाशिकला परतायचं, एवढं मात्र पपांनी निघण्यापूर्वीच बजावलं होतं.

मुक्काम डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजवर केला. खोली स्वच्छ होती, गरम पाणी मात्र मागावं लागलं. संध्याकाळी आगर नावाच्या वस्तीच्या बाजूला किनाऱ्यावर गेलो. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते. पपा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. परतताना चिकूच्या गाडीपाशी थांबले.

"आवो काका, एकदम मीठा," गाडीवाला म्हणाला.

"पिकलेले नकोत. दोन दिवसांनी खाता येतील असे दे," पपा म्हणाले. "घरी लहान मूल आहे."

शमूची मुलगी रूथ जेमतेम तीन वर्षांची. पपांनी तिला तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं. मी पिशवी पुढे केली.

शुक्रवारी डहाणूहून तलासरीला एसटी आणि तिथून वेवजीला रिक्षा. गुजरात हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दुकानांच्या पाट्या मराठी आणि गुजराती अशा दोन्ही. शमू रस्त्यावर येऊन उभा होता. खाली वाकून पपांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "आलात." पपा म्हणाले, "आलो." तीन वर्षांनंतरचं बोलणं एवढंच.

अंगणात मांडव होता. चार बाजूंना बांबू, वर झावळ्या आणि आंब्याचे डहाळे, खाली सारवलेली जमीन. देवाने आपल्या लोकांना मिसर देशातून सोडवून आणलं, तेव्हा ते रानात झोपड्यांतून राहिले, त्याची ही आठवण. सणाचे सातही दिवस ही कुटुंबं संध्याकाळी मांडवात बसतात, एकत्र जेवतात. मनीषाने तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण आणि दुधी सूर्यास्ताच्या आत करून ठेवलं होतं. ऊन उतरलं तशी तिने चूल विझवली, हात धुतले आणि येऊन चक्क बसली. आमच्या घरात पाहुणे असताना बाई बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

जेवणानंतर पपांनी विषय काढलाच. "प्रभू रविवारी उठला. मंडळी रविवारी जमते. मग तुला शनिवार कशाला?"

"पपा, सातवा दिवस देवाने सृष्टी केली तेव्हाच वेगळा काढला. तेव्हा यहुदी कोण नि परका कोण? प्रभूने स्वतः तो पाळला. तो बदलला असं त्याने कुठे सांगितलंय, ते मला सापडलं नाही."

"आणि हे सण? प्रेषित पौल म्हणतो, ती फक्त येणाऱ्या गोष्टींची सावली आहे."

"सावलीच आहे. पण दारात सावली पडली की कोणीतरी आलंय हे कळतं ना? वल्हांडणाच्या कोकराच्या बळीत मला प्रभूचं मरण दिसतं. या मांडवात त्याचं येणारं राज्य दिसतं. तारण यामुळे मिळतं असं मी म्हणत नाही, पपा. तारण मिळालंय म्हणून पाळतो."

पपा चष्मा पुसू लागले. वर्गात हुशार मुलाने अडवलं की ते असेच चष्मा पुसत बसायचे.

शनिवारी सकाळी मांडवात प्रार्थना सुरू झाली. पंचवीसेक माणसं असतील. दुपार होता होता डोंगराकडून काळे ढग आले. शमूचं कापलेलं भात शेतात वाळत पडलं होतं. सगळ्यांना ते दिसत होतं. शेवटी पपा हळूच म्हणाले, "शमू, उचल ते. बैल खड्ड्यात पडला तर शब्बाथालाही काढावा, हे प्रभूनेच सांगितलंय."

"पपा, बैलाचा जीव जातो. माझं फार तर धान्य जाईल. कापणीच्या हंगामातही विसावा घ्या, अशी आज्ञा आहे. ती अशाच दिवसासाठी असणार."

मी मनीषाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"वाईट वाटत नाय असं नाय, ताई," ती म्हणाली. "लावणीला माझीच कंबर मोडलीय. पण आठवड्यातला हा एक दिवस मला कोणी काम सांगत नाय. माझ्या आईला असा दिवस कधी मिळाला नव्हता."

तेवढ्यात शेजारच्या शेतात जमनाबाई दिसली. साठीची, एकटी. मुलगा बोटीवर खलाशी म्हणून गेलेला. ती एकटीच भारे बांधत होती आणि एक भारा घरी नेईपर्यंत ढग आणखी खाली येत होते. तिने कोणाला हाक मारली नव्हती. हे लोक आज काम करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

शमू उठला. "चला," म्हणाला.

सगळे उठले. बाया, पुरुष, सगळे. आणि माझे पंचाहत्तरीचे पपा पँट दुमडून बांधावरून निघाले. कोणी भारे बांधले, कोणी डोक्यावर घेतले. पपा जमनाबाईच्या ओटीवर उभे राहून भारे रचून घेत होते. "इकडे, इकडे, भिंतीला लावा!" असा त्यांचा शाळेतला आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. शेवटचे भारे आत गेले आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली.

जमनाबाई धापा टाकत म्हणाली, "आता तुजा उचल, शमूभाऊ. मी पन येते."

"नको, जमनाबाई. माझं उद्या."

"येडा हायेस काय? मंग माझा कसा उचललास?"

शमू नुसता हसला. उत्तर पपांनी दिलं. "बाई, तुमच्याकडे उचलायला दुसरं कोणी नव्हतं. त्याचा आज विसाव्याचा दिवस आहे."

पावसात शमूचं भात भिजताना आम्ही ओटीवरून बघत होतो. पपांचा हात शमूच्या खांद्यावर होता. आयुष्यात मला माझ्या माणसांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो नेमका कोणाचा जास्त, हे मला आजही सांगता येत नाही.

रविवारी ऊन पडलं. आमच्यासाठी तो प्रभूचा दिवस, म्हणून पपांनी सकाळी मांडवात प्रार्थना केली आणि शमू डोळे मिटून शेजारी बसला. मग आम्ही सगळ्यांनी भात उलटंपालटं करून पसरलं. जमनाबाईही आली. काही लोंब्यांचे दाणे चिखलात झडले होते, तेवढं भात गेलं. चमत्कार झाला असं लिहायला मला आवडलं असतं, पण झाला नाही. दुपारी निघताना रूथ पपांच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती.

तुम्हाला डहाणू-तलासरीला जायचं असेल तर पावसाळ्यानंतर जा, चिकू खा, आगरच्या किनाऱ्यावर संध्याकाळ काढा. ओळखीचं कोणी असेल तर एखादा शनिवार त्यांच्या अंगणात बसा. मी अजूनही रविवारीच चर्चला जाते. पण विसावा म्हणजे काय, हे मला तोवर फक्त शब्दाने माहीत होतं.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात पपांचे एक जुने मित्र भेटले. त्यांचं किराणा दुकान आहे. हसत म्हणाले, "काय मास्तर, चिरंजीव अजून नियमशास्त्रातच अडकलेत का?"

मला वाटलं, पपा नेहमीसारखे विषय बदलतील. ते थांबले.

"आपण रविवार पाळतो म्हणतो," पपा म्हणाले. "इथून सुटलो की मी बाजारात जातो आणि तू दुकान उघडतोस. दिवस कोणाचा बरोबर, ते प्रभू बघेल. पाळतं कोण, ते मी बघून आलोय."