माळेसकट

नातवंडांनो, सोलापूरला हे माझं शेवटचं जाणं, असं मी पुण्याहून गाडीत बसतानाच ठरवलं होतं. गुडघे आता जिने मोजतात. पण पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवर मी आयुष्यभर काम केलं. पूर्वी ज्यांनी आमच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, त्यांचं पुन्हा एकदा घ्यायचं होतं, आणि ती घरं मलाच माहीत आहेत.

स्टेशनवर माझी तरुण सहकारी डॉ. निलोफर जीप घेऊन उभी होती. अक्कलकोट रस्त्याने निघालो. दोन्हीकडे काळी जमीन आणि तूर. वाटेत कडक भाकरी (वाळवलेली पातळ ज्वारीची भाकरी) आणि शेंगाची चटणी खाल्ली. पहिल्याच घासाला माझी कवळी सुटली. निलोफर खिडकीबाहेर बघत राहिली. गुणी मुलगी.

वळसंगला तिसऱ्या घरी मी गौराबाईंचं रक्त घेत होते. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, आमच्या सुनंला बी बगा की. लई झोपती."

सून कविता, आठवा महिना, भिंतीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे. डोक्यावर औषधी झाडाच्या मुळांच्या तुकड्यांची माळ. ही माळ इकडे काविळीवर घालतात. ओले तुकडे सुकून आकसतात, दोरा सैल पडतो, माळ लांबत गळ्यातून खाली सरकते. लोक म्हणतात, कावीळ उतरली.

"कविता, आज वार कोणता?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. मी तिला हात पुढे धरायला सांगितलं. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. यकृत थकलं की विष मेंदूपर्यंत जातं, त्याची ही खूण. गरोदरपणात ही कावीळ फार वेळ देत नाही. तिला संध्याकाळच्या आत मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं.

"माळ पायापतूर आल्याबिगर न्हाय पाठवायची," गौराबाई म्हणाल्या. "तात्यांनी सांगितलंय."

निलोफरने पेटीतून कात्री काढली. "मॅडम, कापूनच टाकते."

मी तिचं मनगट धरलं. तुमचा बाबा शाळेत होता तेव्हा करकंबला मी अशीच एका गरोदर बाईची माळ कापली होती. घरच्यांनी तिला गाडीतून उतरवून परत आत नेलं. चौथ्या दिवशी ती गेली, पोटातल्या बाळासकट.

मी माळवाल्या तात्यांना बोलावणं धाडलं. ते आले. वाळलेले, बोटांना चुना लागलेला.

"शहरातली मानसं! कात्री आनलीच असंल की."

"आणलीय, पण लावणार नाही. मी हिला माळेसकट नेते. कुठवर उतरली ते तुम्ही येऊन बघा."

मी हळूच विचारलं, "गरोदर बाईला माळ घालताना भीती नाही वाटत?"

"वाटती की." त्यांनी बोटांवरचा चुना खरवडला. "दोगी गेल्या माज्या हातून. कुनाला सांगू?"

"माझ्याही हातून एक गेली, तात्या."

ते गौराबाईंकडे वळून जोरात म्हणाले, "न्या तिला! माळ माजी हाय, सोलापुरात बी उतरंल."

जीपमध्ये कविताचं डोकं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला माझे गुडघे ओरडत होते आणि ती मात्र गप्प होती, याचीच धास्ती. दवाखान्यातला शिकाऊ डॉक्टर माळेकडे बघून हसला. "ती काढायची नाही," मी म्हटलं. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

उरलेली घरं तीन दिवसांत संपवून परतीची गाडी धरली. कुर्डुवाडी मागे पडल्यावर निलोफरचा फोन आला.

"मॅडम, तिने वार सांगितला. गुरुवार."

मी समोरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र बघून खात्री केली. गुरुवारच होता.

"बाळाचे ठोके ठीक आहेत. आणि गौराबाई विचारतायत, माळ कुठवर आली ते रोज कोण लिहून ठेवणार?"

"तू लिही. रक्ताच्या तपासण्यांच्याच कागदावर."

धोका अजून संपलेला नाही, हे मला माहीत आहे. इतकी दमले होते की पुणं येईपर्यंत डोळे मिटून बसले, पण झोप लागली नाही. इतकी वर्षं मी लोकांचं रक्त नेलं, त्यांची भीती मात्र तिथेच ठेवून आले.

माळ पायाशी आली की काढायला डॉक्टरीणबाई हव्यात, असा तात्यांचा निरोप आहे. गुडघे नको म्हणतात. पण जायला हवं. आणि करकंबच्या त्या घरी जायचंही राहिलं आहे.