तेलाचा डाग उजेडाला धरून

लातूरच्या आमच्या आडतीत करडईची पारख कागदावर होते. तपासणीची यंत्रं आली तरी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपली पद्धत सोडली नाही. वर्तमानपत्राच्या कडेचा कोरा पट्टा फाडायचा, त्यावर चार दाणे ठेवून लोखंडी वजनाने रगडायचे, टरफलं फुंकरीने उडवायची आणि कागद उजेडाला धरायचा. तेल मुरलं असेल तिथून पलीकडचा उजेड दिसतो. डाग जितका स्वच्छ, तितका दाणा भरलेला. तोवर रेणापूरकडून माल घेऊन आलेला माणूस अप्पांच्या तोंडाकडे बघत उभा असतो, कारण पुढचा भाव त्या तोंडातून निघणार असतो.

मी नांदेडला कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रकाशाचा धडा आला की हीच गंमत वर्गात करून दाखवते. कागद मुळात पांढरा नसतोच म्हटलं की पोरं वर बघतात. त्याचे तंतू जवळजवळ काचेसारखे असतात, पण मधल्या फटींत हवा भरलेली असते. तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत जाता जाता उजेड असा भरकटतो की बराचसा आल्या वाटेने परत फिरतो. त्यालाच आपण पांढरेपणा म्हणतो. तेल त्या फटी भरून टाकतं आणि उजेडाला पलीकडे जायला वाट मिळते. हे सगळं मी पुस्तकात वाचलं, पण आधी पाहिलं ते आडतीत.

यंदा महाशिवरात्रीला घरी गेले तर दादा, माझा भाऊ, वैतागलेला. आडत आता तोच चालवतो. "अप्पा लई बेजार करायलेत," तो म्हणाला. "येईल त्या मालाला म्हनतेत, तेलच न्हाई. मानसं दुसऱ्याच्या दारात चाललेत."

अप्पा आतूनच बोलले, "मालाचं मी बघतो. कागद खराब यायलाय आजकाल. पयल्यावानी तेल पेत न्हाई."

"नाचता येईना, अंगण वाकडं," दादा पुटपुटला.

मी अप्पांची बाजू घेतली. ती लहानपणापासूनची खोड आहे, आणि शिवाय विषय माझा होता. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद, झेरॉक्सचा कागद आणि वर्तमानपत्राचे दोन पट्टे घेऊन मी खिडकीपाशी बसले आणि एकेकावर दाणे रगडू लागले. कॅलेंडरवर तेल नुसतं वरच चमकत राहिलं. झेरॉक्सच्या कागदाने ते सावकाश घेतलं. वर्तमानपत्रात मात्र ते लगेच पसरलं आणि खिडकीचा उजेड आरपार आला.

"म्हनलो न्हाई का, सारा खेळ कागदाचाच हाय," अप्पा खूश झाले. मग समोरचा एक पट्टा उचलून त्यांनी खिडकीकडे धरला. "आता ह्यो बघ, माय. कसं झकास दिसायलंय."

तो दुसरा पट्टा होता. त्यावर मी अजून काहीच रगडलं नव्हतं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला भीती वाटली, आणि मग रागही आला, इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही म्हणून. अप्पा आजवर वर्तमानपत्राचाच कागद वापरत आले होते आणि तो तर चांगलं तेल पीत होता. मोतीबिंदू असेल, साधं ऑपरेशन असतं, हे बोलणं सोपं. पण ज्याच्या नजरेवर बाजार विश्वास ठेवतो त्याच्यापुढे ते कसं काढायचं?

"अप्पा, तो कोरा आहे," मी म्हणाले.

त्यांनी पट्टा खाली ठेवला आणि उठून तोंड धुतलं. त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते पूजेला बसायचे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर आडतीत गेले. थोड्या वेळाने रेणापूरकडचे एक वयस्क शेतकरी धोतराच्या सोग्यात करडई घेऊन आले. मागल्या वेळी अप्पांनी त्यांचा माल हलका ठरवून परत लावला होता, हे दादाने माझ्या कानात सांगितलं. अप्पांनी दाणे घेतले, रगडले, फुंकर मारली, कागद उजेडाला धरला. हमालही थांबून बघत होते. आता ते काय बोलतात, इकडेच माझं लक्ष होतं. त्यांनी गप्प राहून मान हलवली असती तरी खपून गेलं असतं.

अप्पांनी कागद माझ्या हातात दिला. "तू बघ. आन् खरं सांग."

मी कागद वर धरला. डागातून समोरच्या दुकानाचं निळं शटरसुद्धा धूसर दिसत होतं. "तेल भरपूर आहे," मी सांगितलं.

अप्पा त्या शेतकऱ्याकडे वळले. "मागल्या वक्ती तुमच्या मालाला मी नावं ठेवली. माल चांगला व्हता. मला दिसना गेलंय." मग दादाला म्हणाले, "ह्या हंगामात ज्याला ज्याला परत लावलं, त्या समद्यांला बोलावून घे. आन् हे त्यांला मीच सांगनार."