काशीगावची म्हैस आणि मिठागरातली झोपडी

काशीमिरा नाक्यावर एस.टी.तून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. माघ महिना होता. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि देवीचे रोगी शोधत आरोग्य खात्याची माणसं गावोगाव फिरत होती. काशीगावातल्या एका तबेल्याच्या दुधातून देवी पसरतात, असं निनावी पत्र आमच्या वृत्तपत्राकडे आलं होतं. शहानिशा करायला मला पाठवलं होतं.

नाक्यावरच्या हॉटेलात चहा मागितला. कोरा आला.

"दूध बंद हाय," हॉटेलवाला म्हणाला. "ज्याला काशीगावचं दूध पाहिजे त्यानं तिकडं जाऊन प्यावं. येताना इकडं फिरकू नये."

शेजारच्या बाकावर खाकी पिशवीवाला एक माणूस तोच चहा पीत होता. तो लसटोचक निघाला. गावात त्यांना देवी डॉक्टर म्हणतात. आडनाव सावंत. त्यांच्याही कानावर तीच अफवा आली होती. मला बरोबर न्यायला ते तयार झाले, पण अट घातली. तिथेच माझी बाही वर करून त्यांनी दुतोंडी सुईने दंडावर लस टोचली. माझ्याही चहाचे पैसे देत ते म्हणाले, "हा चहा फुकट नाही."

तबेला गावाच्या कडेला होता. मालक पाटील जुने जमीनदार. भात आणि मीठ करून झाल्यावर आता म्हशी ठेवत होते. सावंतांनी पिशवीतून कार्ड काढलं. त्यावर तोंडभर फोड आलेल्या मुलाचं चित्र होतं. प्रत्येक दारात हे कार्ड दाखवून एकच प्रश्न विचारायचा, अशी त्या मोहिमेची रीत होती.

"असं कोणी आहे?"

"न्हाय. मागल्या खेपेलाही सांगितलं. अशा तोंडाचं पोर आमच्याकडं न्हाय."

सावंतांनी गोठ्यातली माणसं मोजली. "धोंडू दिसत नाही. महिन्यापूर्वी मीच टोचलं होतं त्याला."

पाटलांनी गावाबाहेर बोट केलं. "मिठाच्या आगरावर हाय. देवी आल्यात त्याला."

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"तुम्ही पोराचं तोंड दाखवलं. धोंडूच्या तोंडावर काय बी न्हाय. हातावर हाय."

पाटील खोटं बोलले नव्हते. देवी घरी आल्या तर गवगवा करायचा नसतो, हा रिवाज त्यांनी पाळला होता. सरकारने दाखवलेल्या चित्राला खरं उत्तरही दिलं होतं.

आगरापर्यंत तासाभराची चाल होती. दोन्ही बाजूंना मिठाचे कप्पे, मधून मातीचा अरुंद बांध. काही कप्प्यांत मीठ धरू लागलं होतं. झाड एकही नाही. खाजणाकडून (खारफुटीच्या दलदलीकडून) वारा येत होता. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुढचा बांध अनवाणी चाललो. कुठे कातडी सोलली होती ते मिठाने दाखवून दिलं.

झोपडी मीठ राखणाऱ्याची होती. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले होते, ते वाळले होते. बाहेर बसलेला माणूस आम्हाला बघून उठला आणि मागे सरला.

"लांब उभे राहा, डॉक्टर."

धोंडू मूळचा रत्नागिरीकडचा. बायको पार्वती आणि अडीच महिन्यांचं मूल काशीगावात खोलीवर होतं. मुलाला अजून टोचलं नव्हतं, म्हणून तो स्वतःच इकडे येऊन राहिला होता. अठरा दिवस झाले होते. पार्वती रोज दुपारी बांधावरच्या दगडावर डबा ठेवायची, मागे वळून न बघता दूर जायची आणि टाळी वाजवायची. मग हा डबा उचलायचा. दिवसभरात ऐकू येणारा माणसाचा आवाज तेवढाच.

"हात दाखव," सावंत म्हणाले. बोटांवर काळ्या खपल्या होत्या. "तोंडावर? पायांवर?"

"काय नाय. दोन दिवस ताप होता."

"धार कोणाची काढायचास?"

"चंद्रीची. तिच्या सडांना फोड होते. लाथा मारायची."

"आधी फोड कोणाला आले? तिला की तुला?"

"आधी माझ्या दंडाला. तुम्ही टोचलंत तिथं पिकलं. मग फडक्यानं पुसायचो."

"कसल्या फडक्यानं?"

"दुसरं फडकं कुठलं? सडं पुसायचं तेच."

सावंत बांधावर खाली बसले. त्यांनी मला समजावून सांगितलं. लस वासरांच्या कातडीवर वाढवतात. तिच्यातला जंतू देवीचा नव्हे, पण त्याच कुळातला, सौम्य. तो सुईने दंडात गेला, दंडावरून फडक्यात, फडक्यातून सडांवर आणि तिथून या बोटांवर. "असं झालं असावं. खात्री खपली तपासल्यावर." खपली त्यांनी बाटलीत भरली.

"म्हणजे देवी नाय?" धोंडूने विचारलं.

"मला तरी वाटत नाहीत. पण खपल्या पडेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही."

"मग फरक काय पडला, डॉक्टर?"

सावंतांनी बाटलीला बूच लावलं.

दुपारी पार्वती आली. मूल उराशी होतं. सावंतांनी लांबूनच तिला सगळं सांगितलं. तिने डबा दगडावर ठेवला, वीसेक पावलं मागे गेली आणि टाळी वाजवण्याऐवजी तिथेच बसली.

"हात दाखवा," ती म्हणाली.

धोंडूने दोन्ही हात वर केले. तिने बराच वेळ बघितलं.

"एवढंच? एवढ्यासाठी, देवी कोपतील म्हणून, अठरा दिवस मी घरात फोडणी दिली नाय."

"उद्या लसूण घाल."

तिने मूल त्याच्याकडे तोंड करून मांडीवर धरलं. तो बसल्या जागेवरून जेवला. आम्ही निघालो तेव्हा तिघं तशीच बसली होती, मध्ये वीस पावलं ठेवून.

तबेल्यात सावंतांनी चंद्रीला वेगळी बांधायला लावलं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग कार्डावर म्हशीचं चित्र का न्हाय?" सावंत म्हणाले, वर कळवतो.

नाक्यावर एस.टी.ची वाट बघताना ते म्हणाले, "फडक्याचं जपून लिहा. नाहीतर उद्या कोणी दंड पुढे करायचा नाही." मी सगळं लिहून दिलं. छापून चार ओळी आल्या. काशीगावात देवीचा रोगी आढळला नाही, एवढंच त्यांत होतं. महिन्याभराने सावंतांचं पोस्टकार्ड आलं: खपलीत देवी निघाल्या नाहीत, धोंडू घरी आहे, मुलाला टोचलं.

त्या दिवशी एस.टी. आल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "घरी लहान मूल? गुरंढोरं? दंडाची खपली पडेपर्यंत कोणाच्या जवळ जाऊ नका."

"घरी कोणी नाही," मी सांगितलं.

"मग सोपं आहे."

माझी खपली तिसऱ्या आठवड्यात पडली. तोवर मी कोणाला हात लावला नाही. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.