टिंबांच्या जागी

आमच्या ताईचा स्वभाव मुळातच काळजीचा. फोन वाजला की तिचा हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. पण टायपिस्ट म्हणून बाई सोन्यासारखी. तिच्या कागदावर एक काना सुटलेला दाखवा, मी नाव बदलेन.

बावीस वर्षं ती एकाच प्राध्यापकांचं लिखाण टाइप करत होती. सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. शब्द आठवला नाही की ते चार टिंबं देऊन पुढे जायचे आणि ताई त्या जागी नेमका शब्द घालायची. "माझ्या मनातलं तुला माझ्याआधी कळतं," सर म्हणायचे. झालं, ताई दिवसभर हवेत!

सरांचं शेवटचं पुस्तक अगदी सुरुवातीच्या ग्रीक विचारवंतांवर होतं. जेवताना मला तेच ऐकावं लागायचं. "अगं, त्या लोकांनी देवांच्या गोष्टी बाजूला ठेवून विचारलं, हे सगळं मुळात कशापासून झालं? एक म्हणाला पाण्यापासून, एक म्हणाला हवेपासून."

"आणि भांडी कोण घासणार, ते विचारलं का कुणी?"

"तुला प्रत्येक गोष्टीची थट्टा! त्यांची पुस्तकं हरवली गं. दुसऱ्यांनी उतरवून घेतलेल्या ओळी तेवढ्या उरल्यात, त्याही अर्ध्यामुर्ध्या."

एवढं सगळं माहीत असून माझ्या बहिणीने जे करायचं तेच केलं. त्या ओळींमध्ये हरवलेल्या शब्दांच्या जागी असलेली टिंबंही भरली. तोवर सरांची नजर पार गेली होती, त्यामुळे छापायच्या आधीचे कागदही तिनेच तपासले.

पुस्तक आलं. महिन्याभरात एका तरुण अभ्यासकाने मासिकात त्यावर लांबलचक लेख लिहिला. ताई तो सरांना वाचून दाखवत होती. त्याने एक ओळ डोक्यावर घेतली होती: "सगळं बदलतं, माणसाजवळ काळजी तेवढी उरते." आधुनिक माणसाची घालमेल इतक्या जुन्या काळात कुणीतरी ओळखली होती, असं त्याचं म्हणणं. त्यावर त्याने चार पानं लिहिली होती.

सर म्हणाले, "काळजी? तिथला शब्द तर हरवलाय ना? की मीच भरला?"

ताईने घाईघाईने पान उलटलं.

"मला आठवत नाही," सर पुटपुटले. "डोळे गेले, आता डोकंही चाललं."

पुढच्या आठवड्यात त्यांचं व्याख्यान होतं. ते त्यांनी रद्द करायला सांगितलं. मग डॉक्टरांची वेळ घ्यायला लावली, विसरभोळेपणासाठी. पुस्तकातली प्रकरणं बोटांवर मोजायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. ताई समोर बसून बघायची. घरी येऊन तिने मला सगळं सांगितलं.

"गप्प बस," मी म्हटलं. "सांगितलंस तर काम जाईल. या वयात कोण ठेवणार तुला?" हो, मीच म्हटलं. आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी ती गेली आणि उभ्याउभ्याच बोलली. "सर, काळजी माझी आहे. मी भरली. अशा अकरा जागा आहेत. तुमचं डोकं शाबूत आहे."

सर रडले. रागाने की सुटल्यासारखं वाटून, ते ताईला आजही ठरवता येत नाही. शेवटी म्हणाले, "प्रकाशकाला पत्र लिहून घे. चूक माझी. मी तपासलं नाही."

"चूक माझी आहे, सर."

"तू टाइप कर."

ताई टाइप करू लागली. तिसऱ्या वाक्यात सर अडले. शब्द सापडेना. ते हवेत बोटं चाळवत राहिले. ताईला तो शब्द ठाऊक होता. पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि हात मांडीवर ठेवले.

"सांग की गं," सर म्हणाले. "आता तूही घाबरलीस, तर मी कुणाला विचारू?"