उंबऱ्यावरचा नवरदेव

"थांब गं, कुणीतरी बसलंय," असं म्हणून काकू हात वर करायच्या. मग हातात दुधाची पिशवी असो की भाजीचं ओझं, माणसाने जिन्यात जागच्या जागी उभं राहायचं. कुणीतरी म्हणजे भिंतीवरचा एखादा पतंग, रात्री दिव्याला आलेला आणि सकाळी तिथेच पेंगत राहिलेला. तुमच्याही जिन्यात असतात, फक्त तुमच्या वरच्या मजल्यावर आमच्या काकू नाहीत.

सिन्नरच्या कारखान्यात मालाच्या तपासणीवर त्यांची नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर त्या माझ्या पोळ्याही पास-नापास करायच्या. "जन्मभर लोकांच्या मालातले दोष काढले," त्या एकदा म्हणाल्या. "आता कुणालाच न सापडलेलं काहीतरी मला सापडू दे."

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ते सापडलं. माझ्या उंबऱ्याशी नखाएवढा तपकिरी पतंग आणि पंखावर पिवळाधमक ठिपका. काकूंनी पुस्तकं पालथी घातली, पण असा पतंग कुठेच नव्हता. पुढच्या गुरुवारी तसाच आणखी एक दिसला. त्यांनी पुण्याच्या एका जाणकारांना फोटो पाठवले. फक्त पेढे वाटायचे राहिले होते.

उत्तर आलं ते घेऊन काकू माझ्या दारात आल्या. "म्हणतात, खरा ठिपका दोन्ही पंखांवर सारखा असतो. हा एकाच पंखावर कसा?"

बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. लक्ष्मीच्या गुरुवारी मी उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहते, तेही सढळ हाताने. काकूंनी हळदीत बोट टेकवलं आणि फोटोशेजारी धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "हळद लावलीस त्याला, आता मुलगीही तूच बघ." मग डोळे पुसत हळूच म्हणाल्या, "पण वाटलं होतं गं."

पतंग गवतावर वाढणारा, सगळीकडे आढळणारा निघाला. शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. काकू त्याला नवरदेवच म्हणायच्या.

काकूंना जाऊन आता वर्ष होईल. मला त्यांची फार आठवण येते. परवाच्या गुरुवारी हळदीची चिमूट घेऊन वाकले, तर उंबऱ्याशी तोच तपकिरी पाहुणा. जिन्यातून कुरिअरवाला धाडधाड वर येत होता. मी हात वर करायच्या आतच खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याला अडवलं.

"सावकाश जा रे भाऊ. वर नवरदेव बसलेला असतो."